तिसऱ्या भाषेच्या वादात पहिलीचा विसर

एप्रिल ते जून २०२५ या काळात महाराष्ट्रात भाषेच्या प्रश्नावरून मोठे रण माजले. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला. १७ जूनला ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाची झूल पांघरून तो पुन्हा अवतरला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करण्याची घोषणा करावी लागली. पाठोपाठ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. मोर्चे ठरले, ते विजयमेळाव्यात रूपांतरित झाले. वृत्तवाहिन्यांना महिनाभराचा शिधा मिळाला. कोण जिंकले आणि कोण हरले, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडला. परंतु या गदारोळात एक गृहीतक असे होते की, ज्यावर दोन्ही बाजूंचे संपूर्ण एकमत होते. महाराष्ट्रातील मुलाची पहिली भाषा मराठी, दुसरी २००० सालापासून पहिलीच्या वर्गात आलेली इंग्रजी आणि भांडण काय ते तिसरीचे!

मुंबईच्या दादरमध्ये किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत हे गृहीतक खपून जाते. कुरखेड्यात ते पहिल्याच तासाला कोसळते.

वडशाच्या रेल्वे स्थानकावरून पूर्वेकडे निघालेला रस्ता सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेड्याला येतो आणि पुढे पुराडा, बेडगावचा घाट, कोरची असे करीत छत्तीसगडच्या हद्दीत शिरतो. या एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी गावे आणि टोले आहेत, त्यांतील घराघरांतून कानावर पडणारे शब्द एका भाषेचे नाहीत. धानाच्या बांध्यांमधून झाडीबोली चालते. जंगलाच्या कडेच्या गोंड वस्त्यांत गोंडी बोलली जाते. हलबांची हलबी आहे, सरहद्दीकडे जावे तसतशी कंवरांच्या घरातून छत्तीसगडी ऐकू येते. बाजाराच्या दिवशी कुरखेड्यात या साऱ्या भाषा एकमेकींशी सुखेनैव व्यवहार करतात. तिथे कोणाचे कोणावाचून अडत नाही. अडते ते शाळेत. कारण शाळेत या चारांपैकी एकही नाही. तिथे आहे ती बालभारतीची प्रमाण मराठी.

प्रमाण मराठीचे महत्त्व कमी लेखण्याचे काही कारण नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या भाषेचा अभिमान कोणाही मराठी माणसाला असलाच पाहिजे. पण अभिमान वेगळा आणि सहा वर्षांच्या मुलाचे आकलन वेगळे. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना जागा नाही. तिथे पाणी ‘पानी’ असते आणि डोळा ‘डोरा’ असतो. मूल घरी जे बोलते तसेच ते वहीत उतरवते आणि त्या प्रत्येक अक्षराभोवती लाल शाईचे वर्तुळ पडते. मुलाच्या मनावर त्यातून एकच गोष्ट बिंबते : आपली आई बोलते ते अशुद्ध. वास्तविक ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात ही बोली नांदते, त्याच वैनगंगेच्या काठच्या आंभोऱ्याशी मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचे नाते सांगितले जाते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. हिवाळ्यात वडशाहून निघणाऱ्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीत रात्र रात्र प्रयोग करतात आणि हजारोंचा प्रेक्षकवर्ग थंडीत पहाटेपर्यंत जागचा हलत नाही. याच रंगभूमीवरील कामगिरीसाठी २०२३ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली, ते परशुराम खुणे कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. म्हणजे राष्ट्रपती भवनात सन्मानित होणारी ही संस्कृती पहिलीच्या वर्गात मात्र शुद्धलेखनाची चूक ठरते!

झाडीबोलीच्या मुलाचे त्यातल्या त्यात बरे. त्याची बोली मराठीचीच लेक आहे. दोन-चार वर्षे धडपडून ते पोहोचते. गोंडी मुलाचे काय? गोंडी ही द्राविड कुळातील, तेलुगूच्या नात्यातील भाषा. तिथे पाण्याला ‘येर’ म्हणतात, घराला ‘रोन’, गावाला ‘नार’. अंक मोजायचे तर उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग. या मुलापुढे फळ्यावर ‘घर’ हा शब्द लिहिला, तर त्याला दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात : ‘घ’ आणि ‘र’ या आकृतींचा उच्चार आणि त्या उच्चारातून निर्माण होणाऱ्या ध्वनीचा अर्थ. पुण्याच्या मुलाला अर्थ आधीपासून ठाऊक असतो, त्याला केवळ आकृती ओळखायची असते. दोघांना एकाच पुस्तकातून, एकाच वेळापत्रकाने शिकवायचे आणि वर्षअखेरीस एकाच फुटपट्टीने मोजायचे, यालाच समान संधी म्हणायचे काय? ही मुले मंद नसतात. तेंदूच्या पानांचा पुडा बांधताना सत्तराचा हिशेब न चुकणारी ही मुले आहेत. ती वर्गात गप्प बसतात, कारण वर्गात काय चालले आहे हे त्यांना समजत नाही.

अशा मुलाला पहिलीत गोंडी नव्हे, तर मराठी ही दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी आणि शासनाचा मूळ निर्णय टिकला असता तर हिंदी चौथी झाली असती. ज्यांनी तो निर्णय काढला त्यांच्या हे ध्यानात आले नाही. ज्यांनी तो हाणून पाडला, त्यांच्याही ध्यानात आले नाही.

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेचा एक रकाना असतो. खरे तर शैक्षणिक नियोजनातील सर्वांत मोलाची माहिती याच रकान्यात यायला हवी. पण प्रवेशाच्या धांदलीत तिथे अनेकदा सवयीने ‘मराठी’ लिहिले जाते, आणि पालकही काही बोलत नाही, कारण साहेबांसमोर आपली भाषा सांगण्याचा त्याला संकोच वाटतो. कागदावर प्रश्न संपला की, मंत्रालयात तो उरत नाही.

टक्केवारीचे समाधान

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. जनगणनेनुसार २००१ मध्ये जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६० टक्के होती, २०११ मध्ये ती ७४ टक्क्यांवर गेली. दहा वर्षांत १४ टक्क्यांची ही झेप उपेक्षणीय नाही, आणि ती ज्यांच्यामुळे साधली, त्या वाड्या-टोल्यांवरील शिक्षकांना तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तरीही त्याच वर्षी राज्याची सरासरी ८२ टक्के होती आणि जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता ६६ टक्क्यांच्या आसपास अडली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकते, ती साक्षर. यातील ‘समजून’ हा शब्द कोणी तपासत नाही. प्रगणक विचारतो, घरातून ‘हो’ असे उत्तर येते आणि आकडा वाढतो.

साक्षरतेच्या चळवळीत महाराष्ट्राने एकेकाळी देशाला वाट दाखविली होती. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम गावाने गावासाठी चालविली. तिच्या यशाचे श्रेय लोकसहभागाला दिले जाते, ते योग्यच आहे. पण एक कारण सहसा सांगितले जात नाही. साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या हाती जे पुस्तक पडले, ते जवळजवळ त्याच्याच भाषेतले होते. तीच मोहीम जशीच्या तशी उचलून धानोऱ्याला किंवा कोरचीला नेली तर तेच फळ येईल, असे मानणे हा नियोजनाचा आळस झाला. २०२२ पासून राबविल्या जाणाऱ्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही पंधरा वर्षांवरील असाक्षरांना शोधून, शिकवून परीक्षेला बसविले जाते. महाराष्ट्रातील पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र मोहफुले पडण्याचा हंगामही मार्च-एप्रिलचाच. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली गेलेली बाई परीक्षेला कोणत्या वेळी येणार, याचा विचार तारीख ठरविणाऱ्याने केला असेल, असे वाटत नाही. शाळेच्या वार्षिक परीक्षांचेही तेच. रोवणीच्या दिवसांत आणि मोहाच्या दिवसांत वर्गातील पटावरची मुले कुठे असतात, हे गावातील शिक्षकाला पाठ असते. शैक्षणिक दिनदर्शिका मात्र राज्यभरासाठी एकच निघते.

निजामाला सुचले ते

मातृभाषेतून शिकविणे हे पुस्तकी स्वप्न आहे, प्रत्यक्षात ते जमत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर फार दूर शोधायला नको. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात ते ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखविले गेले आहे.

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी कोमरम भीम यांना ठार केले. जंगल आणि जमीन यांवरील हक्कांसाठी गोंडांनी केलेला तो उठाव होता. उठाव मोडून काढल्यावर राजवटीला उमगले की, केवळ बंदुकीने हा प्रश्न सुटणारा नाही. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या सूचनेवरून १९४३ मध्ये मार्लवाई या गोंड खेड्यात शिक्षणाची एक योजना सुरू झाली. तिचे सूत्र साधे होते. बाहेरून शिक्षक आणून गोंडी शिकविण्यापेक्षा गोंड तरुणांनाच शिक्षक करायचे. थोडीफार अक्षरओळख असलेले तरुण निवडले गेले, त्यांना मार्लवाईच्या केंद्रात तयार केले गेले आणि गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके छापली गेली. विशेष म्हणजे ती देवनागरी लिपीत होती, कारण त्या भागात मराठीचा वावर होता. मूल प्रथम आपल्या भाषेत वाचायला शिके आणि मग प्रदेशाच्या भाषेकडे वळे. केंद्रातून बाहेर पडलेले गोंड पुढे शिक्षक झालेच, शिवाय आपल्या माणसांचे अर्ज-फाटे लिहिण्याइतके आणि पटवाऱ्याने लिहिलेला कागद तपासण्याइतके समर्थही झाले. हाही शिक्षणाचाच परिणाम म्हणावा लागेल, कदाचित अधिक मोलाचा.

निजामाची राजवट कशी होती, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. तिच्या लोककल्याणाच्या हेतूंवर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण तिला भीतीपोटी का होईना जे सुचले, ते स्वतंत्र भारतात, राज्यघटनेत अनुच्छेद ३५० अ असताना आपल्याला सुचू नये? भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात, असे सांगणारा हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. अल्पसंख्य म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. कुरखेड्याच्या टोल्यावरील गोंडी किंवा हलबी बोलणारे मूल या अनुच्छेदाचा पहिला हक्कदार आहे, हे मात्र आठवत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २९ तेच सांगते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तर किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवा असे म्हणते. तिन्ही ठिकाणी ‘शक्यतो’च्या अर्थाची एखादी पळवाट आहे आणि प्रशासन नेमके त्याच वाटेने चालते.

मार्लवाईचा प्रयोग पुढे विरला. गोंडीची जागा वर्गात राज्यभाषेने घेतली. परंतु कल्पना मेली नाही. अविभाजित आंध्र प्रदेशाने २००४ मध्ये आठ वनवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यांत गोंडी, कोया आणि कोलामी होत्या. ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा भाषांपासून आरंभ करून पुढे ती संख्या दुपटीने वाढविली. महाराष्ट्रातही प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नव्हे. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेने १९७६ पासून माडिया मुलांना शिकविताना त्यांच्या भाषेचा आधार घेतला. संशोधन संस्थांनी शब्दसंग्रह आणि पुस्तिका काढल्या. परंतु व्यक्तींच्या निष्ठेवर उभे राहिलेले काम आणि शासनाने नियम म्हणून केलेले काम यांत अंतर असते. पुस्तिका छापली गेली का, हा प्रश्न गौण आहे. ती येंगलखेड्याच्या किंवा रामगडच्या शासकीय आश्रमशाळेत रोज सकाळी उघडली जाते का, हा खरा प्रश्न आहे.

धडा घ्यायचा तर अपयशाचाही घ्यावा. प्रशांत महासागरातील पापुआ न्यू गिनी हे एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचे छोटे राष्ट्र. तिथे आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. १९९० च्या दशकात या राष्ट्राने धाडसी पाऊल उचलले आणि चारशेहून अधिक स्थानिक भाषांतून प्रारंभिक शिक्षण सुरू केले. पुढे इंग्रजी कच्चे राहते अशी ओरड झाली आणि २०१३ मध्ये सरकारने उलटी फिरकी घेत पहिल्या दिवसापासून इंग्रजी आणली. शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे, पुस्तके अपुरी, मातृभाषेकडून इंग्रजीकडे मुलाला कसे न्यायचे याची तयारी त्याहून अपुरी. पण दोषी ठरली ती मात्र मातृभाषा. महाराष्ट्राने हा मार्ग धरला तर हाच धोका इथेही आहे. मातृभाषेतून सुरुवात करणे म्हणजे मातृभाषेतच थांबणे नव्हे. मराठीकडे नेणारा पूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बांधून तयार नसेल, तर मूल काठावरच राहील आणि मग पालकच म्हणतील की, ही योजना आम्हाला मागे ठेवण्यासाठी आहे.

मनातील शंका

या पानांच्या वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक बोलीला शाळेत स्थान दिले तर राष्ट्राच्या एकात्मतेचे काय? गोंडी भाषेच्या आडून वेगळ्या अस्मितेचे, वेगळ्या धर्माचे राजकारण शिरणार नाही काय? असे राजकारण करणारे नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु भाषा नाकारल्याने ते राजकारण थांबते की फोफावते, हे अनुभवाच्या कसोटीवर पाहिले पाहिजे.

दंडकारण्यात माओवाद्यांनी जिथे आपले तथाकथित ‘जनताना सरकार’ उभे केले, तिथे त्यांनी गोंडी पाठ्यपुस्तके तयार केली. त्या पुस्तकांत विष होते, पण ते मुलाला समजणाऱ्या भाषेत होते. आणि आमच्या पुस्तकांत राष्ट्रभक्तीचे अमृत होते, ते त्याला न समजणाऱ्या भाषेत! बंदूकधाऱ्याला जे कळले ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला कळले नाही, ही गोष्ट झोंबणारी असली तरी खरी आहे. कुरखेड्याने त्या हिंसेची किंमत मोजली आहे. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी, दादापूरला रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली गेल्यानंतर, तिकडे निघालेल्या पोलिसांचे वाहन जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडविण्यात आले. पंधरा पोलीस जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. त्यांतले कित्येक याच मातीतले होते. आज परिस्थिती पालटली आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. चाळीस वर्षे प्रत्येक अपयशाला ‘नक्षलग्रस्त भाग’ हे उत्तर पुरत असे. शिक्षक जात नाहीत, कारण नक्षलग्रस्त. इमारत नाही, कारण नक्षलग्रस्त. पुस्तके उशिरा, कारण नक्षलग्रस्त. हे उत्तर आता संपत आले आहे. पुढच्या अपयशाला नवे कारण शोधावे लागेल.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ हे तिचे नाव. २०२२ मध्ये विनापरवाना म्हणून ती बंद करण्याची नोटीस शिक्षण विभागाकडून आली. या शाळेमागील वैचारिक मांडणी सर्वांना पटेल असे नाही. या साप्ताहिकाच्या अनेक वाचकांना ती पटणार नाही. पण ज्या गावाने आपल्या पैशाने, आपल्या भाषेत मुलांना शिकविण्याची उमेद दाखविली, त्याला शासनाकडून मान्यतेची वाट दाखविण्याऐवजी दंडाची धमकी मिळावी, हे शोभादायक नाही. जी गोष्ट सरकारी शाळेने करायची ती तिने केली असती, तर गावाला वेगळी शाळा काढण्याचे कारणच उरले नसते. रा. स्व. संघाच्या अखिल भारतीय प्रतिनिधी सभेने मार्च २०१८ मध्ये नागपुरात भारतीय भाषा आणि बोली यांच्या संरक्षणाचा ठराव केला, त्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून किंवा भारतीय भाषेतून व्हावे असे म्हटले आहे. तो ठराव केवळ इंग्रजीच्या विरोधात वाचायचा की गोंडीच्या बाजूनेही, याचा निर्णय कार्यकर्त्यांनीच करायचा आहे. वनवासी क्षेत्रात एकल विद्यालये चालविणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागू नये. गावातीलच एक तरुण किंवा तरुणी शिकविणार, हेच तर त्यांच्या रचनेचे मर्म आहे.

आणि मध्यमवर्गानेही थोडे आरशात पाहावे. वनवासी मुलाने मातृभाषेत शिकावे, असे व्याख्यान देणाऱ्या किती घरांतील मुले मराठी शाळेत जातात? आदिवासी विकास विभागाची मुलांना ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांत पाठविण्याची योजना २०१० च्या सुमारास आली आणि पालकांच्या तिच्यावर उड्या पडल्या, त्याचे नवल वाटायला नको. नागपूरचा साहेब आपल्या मुलासाठी जे निवडतो, तेच कुरखेड्याचा बाप मागतो. त्याला दोष देण्याआधी त्याच्या गावातील शाळा अशी हवी की, तिथे शिकलेले मूल चौथीअखेर मराठी घडाघडा वाचते, हे त्याला डोळ्यांनी दिसावे.

मात्र गावात शाळा उरली पाहिजे. २०१७ च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांसाठी ‘समूह शाळे’चे प्रस्ताव मागविले गेले, पानशेत आणि तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले. पटसंख्येची ही कसोटी साखर कारखान्याच्या गावाला लावणे एक आणि तीस घरांच्या टोल्याला लावणे दुसरे. तीस घरांत सहा ते दहा वर्षांची बारा-पंधरा मुलेच असणार. त्यात शाळेचा काय अपराध? पावसाळ्यात नाला फुगला की, तीन किलोमीटरवरची शाळा तीस किलोमीटरवर जाते. गाडीची सोय कागदावर असते, आणि मुलीच्या बाबतीत तर आई-बाप गाडीची वाटही पाहत नाहीत. धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवेच असते.

काय करता येईल, हे फार अवघड नाही. कुरखेडा तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनहक्कांच्या बाबतीत गडचिरोली राज्यात अग्रेसर आहे, आणि या पट्ट्यातील अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्ता आणि बांबू यांचा लिलाव स्वतः करतात. गावातील बारावी झालेल्या, घरची भाषा आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या मुलीला पहिली-दुसरीच्या वर्गात भाषा-साहाय्यक म्हणून बसविणे, तिचे अर्धे मानधन ग्रामसभेने आणि अर्धे जिल्हा परिषदेने देणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपयांवर कंत्राटी घेण्याचा निर्णय ज्या सहजतेने झाला, त्याच्या निम्म्या सहजतेने हे होऊ शकते. गोंडीसाठी लिपीचा घोळ घालण्याचेही कारण नाही. मसराम लिपी आहे, गुंजाळा लिपी आहे. त्यांचा अभ्यास विद्यापीठात अवश्य व्हावा. पहिलीतील मुलाला देवनागरीच द्यावी, म्हणजे त्याच अक्षरांवरून ते मराठीत उतरेल. गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे आणि कुरखेड्यात गोविंदराव मुनघाटे महाविद्यालय आहे. झाडीबोली, हलबी आणि छत्तीसगडी यांच्या पहिलीच्या शब्दसंग्रहाचे काम तेथील विद्यार्थी एका उन्हाळ्यात करू शकतील.

या सर्वांआधी करायचे काम आणखी सोपे आहे. शाळेच्या नोंदवहीतील मातृभाषेचा रकाना मुलाच्या आईला विचारून भरायचा. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरलेल्या जनगणनेतही मातृभाषेचा प्रश्न आहेच, आणि प्रगणक बहुतेक ठिकाणी प्राथमिक शिक्षकच असतो. २०११ मध्ये देशभरात २९ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली होती. कुरखेडा तालुक्यातील प्रत्येक पहिलीच्या वर्गात कोणती मूळ भाषा घेऊन किती मुले येतात, याची गावनिहाय यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पंचायत समितीच्या सभेपुढे ठेवावी आणि तिची एक प्रत तिसऱ्या भाषेचा विचार करणाऱ्यांकडे मुंबईला पाठवावी.